पावसाळ्याच्या मापाने बांधलेली बॅटरीपेटी : सत्तरीतल्या नोंदी

९ मार्च २०२५

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वीज जाते ती बहुधा तारेवर फांदी पडून, आणि फांदी पडते ती भर पावसात, रात्रीची. अशा वेळी माणसं तरी कशी पाठवणार? सकाळपर्यंत आपलं आपण निभवायचं. घरात बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दम्यासाठी रात्री-अपरात्री नेब्युलायझर लागतो. त्यामुळे यंदा पावसाच्या आत पेटी उभी करायचीच, आणि ती उचलून कुळागरातही, म्हणजे पोफळीच्या बागेतही, नेता आली पाहिजे.

आधी हिशोब. प्रत्येकी १५ वॅटच्या बेताने चालवलेले दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे, नऊ तास : २७० वॅट-अवर. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १० वॅट, बारा तास : १२०. नऊ वॅटचे तीन बल्ब चार तास : १०८. चार फोन : ६०. नेब्युलायझर शंभर वॅटच्या आसपास, पण वीस मिनिटंच : ३५. वर इन्व्हर्टर नुसता चालू ठेवायला ८ वॅट धरले तर नऊ तासांचे ७२. एकूण ६६५, म्हणजे पाऊण युनिटच्या आतच. एवढंसं! विजेच्या बिलावर हे दिसतही नाही. साठवायला बसलं की मात्र प्रत्येक वॅट वजन होऊन हाताला लागतो.

३.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचे चार सेल एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट आणि सव्वा युनिटहून थोडं जास्त, १२८० वॅट-अवर. त्यातले नव्वद टक्के वापरायचे धरले तर पावणेदोन रात्री निघतात. सेलचं वजन आठ किलो, पेटीसकट पंधराच्या आत बसवायचं. यापेक्षा मोठी केली तर ती कुळागरात कोणी नेणार नाही.

१६ मार्च

रसायन कोणतं, यावर भावोजींशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांच्या एका मित्राने जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पेटी केली आहे, स्वस्तात. माझा त्याला ठाम नकार आहे. त्या सेलमध्ये कोबाल्टचं किंवा निकेल-कोबाल्टचं रसायन असतं. ते वजनाला हलकं, पण बिघडून तापलं की स्वतःच ऑक्सिजन सोडतं आणि आग आवरत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फेटच्या बंधात घट्ट असतो. सेल बिघडणारच नाही असं नाही, पण पेटायला फार जास्त तापमान लागतं. १९९० च्या दशकात टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून हे रसायन पुढे आलं. त्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, लिथियम-आयन बॅटरीवरच्या एकूण कामासाठी. माणूस झोपतो त्या खोलीच्या बाजूला पेटी राहणार आहे. तिथे स्वस्ताईचा विचार नको.

२३ मार्च

सेल आले. चारही ३.२९ ते ३.३० व्होल्टच्या दरम्यान, अंतर्गत रोध ०.१७ ते ०.२१ मिलिओम. फुगलेला एकही नाही. एका सेलच्या निळ्या आवरणाला कोपऱ्यात बारीक चीर आहे.

ती चीर दुर्लक्ष करण्यासारखी नाही. सेलचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच नुसता डबा नसतो. त्याच्यावर धन टोकाच्या जवळपासचा दाब, म्हणजे व्होल्टेज, असतो. दोन सेलची उघडी कवचं एकमेकांना टेकली, किंवा पावसाळ्यात मध्ये ओल धरली, तर नको तिथे वाट तयार होते. चिरेवर कॅप्टॉन टेप (वीज अडवणारी पट्टी) लावली आणि प्रत्येक दोन सेलांच्या मध्ये इपॉक्सी-काचेचा पातळ पत्रा घातला. नुसत्या आवरणाच्या भरवशावर मी कुठलेच दोन सेल चिकटवून ठेवणार नाही.

३० मार्च

पाडवा. आज काम नाही. संध्याकाळी फक्त सेल बीएमएसमधून (सेलवर लक्ष ठेवून गरज पडल्यास जोडणी तोडणाऱ्या पट्टीतून) एकत्र चार्जिंगला लावले, १० अँपिअरवर.

६ एप्रिल

टॉप बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल वरच्या टोकाला सारखे भरून घेणं. कारखान्यातून आलेले सेल भरण्यात सारखे नसतात. तसेच मालिकेत जोडले तर एक आधी भरतो, बीएमएस चार्जिंग थांबवतं आणि बाकीचे तीन कायम अर्धपोटी राहतात. म्हणून आधी मालिकेत जवळजवळ भरून घेतले, मग सुटे करून चारही समांतर जोडले, धनाला धन, ऋणाला ऋण, आणि बेंच सप्लायने (दाब आणि करंट ठरवता येतो अशा वीजपुरवठ्याने) वर नेले.

इथे एक गोष्ट जपायची. सप्लायवर ३.६५ व्होल्ट ठरवायचे ते वायर जोडण्याआधी, टोकं मोकळी असताना, मल्टिमीटरने पाहून. जोडल्यावर सेलच्या टोकाला दाब कमी दिसतो, कारण वायरमध्ये थोडा गळतो. तो पाहून सप्लायचा दाब वाढवायचा मोह होतो. वाढवायचा नाही. सेल भरत आले की करंट उतरतो, वायरमधली गळती संपते आणि वाढवलेला सगळा दाब थेट सेलवर येतो. फॉस्फेट सेल शेवटच्या टप्प्यात फार झरझर चढतो. तासन् तास ३.४० वर रेंगाळेल आणि मग बघता बघता ३.६० च्या पुढे जाईल. दहा अँपिअरवरून करंट एका अँपिअरच्या खाली येईपर्यंत दिवस गेला. तेवढा वेळ मी त्याच खोलीत वह्या तपासत बसले होते. हे काम लावून देऊन बाहेर जाण्यासारखं नाही.

१३ एप्रिल

क्षमतेची चाचणी. २० अँपिअरने रिकामी करत नेली, शंटवरच्या (करंट मोजण्यासाठी वाटेत बसवलेल्या बारीक रोधावरच्या) मीटरने १०२.६ अँपिअर-अवर मोजले. शेवटी एक सेल २.५ ला पोचला तेव्हा बाकीचे २.९ च्या वर होते. म्हणजे तिघांची क्षमता जरा जास्त आहे आणि पेटीचं माप त्या एकावर ठरतं. विकणाऱ्याने शंभर सांगितले, शंभरच्या वर मिळाले. मी समाधानी आहे.

शंट का घेतला, हे लिहून ठेवते. जुन्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत व्होल्टमीटर पाहून किती उरली ते कळायचं. फॉस्फेटची रेघ जवळजवळ सपाट असते. पाऊण भरलेली पेटी १३.३ च्या आसपास दाखवते, तिसरा हिस्सा उरलेली १३.१ च्या आसपास. मधली सगळी रात्र त्या दोन दशांशांत! म्हणून आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजणं हाच मार्ग, आणि त्यासाठी ऋण बाजूची प्रत्येक वायर शंटच्या पलीकडूनच निघाली पाहिजे. एक जरी थेट बॅटरीवर गेली तर मीटर खोटं बोलायला लागतो.

२० एप्रिल

आजचा दिवस लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं) आणि फ्यूज. माझ्या मते पेटीचा जीव यातच आहे, सेलमध्ये नाही.

५०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीतून ४३-४४ अँपिअर ओढेल. वायर १६ स्क्वेअर एमएमची, शुद्ध तांब्याची. लग म्हापशाच्या दुकानात दोन प्रकारचे मिळाले. एक दिसायला चकचकीत, पण नखाने दाबला तर तोंड वाकेल इतका पातळ. दुसरा जाड, कथिलाचा मुलामा दिलेला. दुसरे घेतले. हायड्रॉलिक क्रिम्परने षटकोनी दाबले आणि एक लग मुद्दाम हॅकसॉने आडवा कापला. भिंगातून पाहिलं. वायरचे सगळे धागे एकजीव होऊन तांब्याचा भरीव तुकडा झाला होता, मध्ये काळा ठिपका एकही नाही. कापाच्या कडेला लगचं कथिल कुठे संपतं आणि तांबं कुठे सुरू होतं तेवढी एक बारीक रुपेरी कडी दिसत होती. असा काप पाहिल्याशिवाय त्या डायवर विश्वास टाकू नये. मध्ये पोकळी राहिली तर गोव्याची दमट हवा तिथे शिरते, आतून हिरवं धरतं, रोध वाढतो आणि सांधा तापतो. बाहेरून काहीच कळत नाही.

फ्यूज ६० अँपिअरचा, बॅटरीच्या धन टोकावरच बसणारा, एमआरबीएफ जातीचा. वाळपईचे इलेक्ट्रिशियनकाका आले होते. ते म्हणाले, “वहिनी, गाडीतला पातीचा फ्यूज लावा की, स्वस्त पडतो.” त्यांना कागदावर आकडा काढून दाखवला. चार सेलचा रोध मिळून एक मिलिओमही होत नाही. वायर, लग, बीएमएस धरून दोन मिलिओम म्हटले तरी शॉर्ट झाला तर साडेसहा हजार अँपिअर धावतील. पातीचा फ्यूज एवढा करंट तोडू शकत नाही. तो वितळतो, पण आत ठिणगीचा पूल तसाच पेटता राहतो. एमआरबीएफ १४ व्होल्टला १०,००० अँपिअरपर्यंत तोडतो. काकांनी आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, “असं असेल तर आमच्या गणपतीच्या पेटीलाही हाच लावतो.”

बीएमएस असताना फ्यूज कशाला, असंही विचारतात. बीएमएसमधले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बिघडतात तेव्हा बऱ्याचदा चालू स्थितीतच अडकतात. नेमकं हवं तेव्हा ते दार बंद होणार नाही.

२७ एप्रिल

खोकं पूर्ण झालं. आयएस ७१० प्रतीचं मरीन प्लाय, १२ मिलिमीटर, आतून-बाहेरून रंग. लोखंडी पत्र्याला मी पहिल्यापासून नाही म्हणत होते. दोन पावसाळ्यांत गंजाची पूड सेलवर पडायला लागली असती. हँडल सुताराने फणसाच्या लाकडाचं करून दिलं, हाताला छान बसतं. सेल दोन फळ्यांमध्ये हलके आवळलेत, बसबार (सेल जोडणाऱ्या पट्ट्या) निकेलच्या मुलाम्याचे. नट टॉर्क रेंचने ४ न्यूटन-मीटरला कसले, कारण अ‍ॅल्युमिनियमचे आटे जोर केला की जातात. सगळं घट्ट झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर दिला.

इन्व्हर्टर वेगळ्या कप्प्यात. त्याची उष्णता सेलकडे जाता कामा नये. हवेच्या दोन्ही झरोक्यांना स्टेनलेसची बारीक जाळी, मुंग्या आणि पालींसाठी. इथे इन्व्हर्टर मरतात त्यांतले बरेचसे या दोघींमुळे. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा घेतला, पंखे आणि नेब्युलायझरच्या मोटरसाठी तोच हवा. तो जोडताना आतले कपॅसिटर एका झटक्यात भरतात आणि मोठी ठिणगी उडते, म्हणून स्विचला समांतर एक १२ व्होल्टचा बल्ब आणि बटण दिलंय. आधी बटण दाबायचं, बल्ब पेटून मंदावला की मुख्य स्विच.

पॅनेल १०० वॅटची दोन, अंगणातल्या स्टँडवर. चार्ज कंट्रोलर एमपीपीटी, म्हणजे पॅनेलला त्याच्या सर्वाधिक उत्पन्नाच्या दाबावर चालवणारा, ७५ व्होल्ट १५ अँपिअरचा. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या दाबावर ओढून आणतो. मग साडेपाच अँपिअरचं पॅनेल १३.३ व्होल्टवर ७३ वॅटच देतं आणि उरलेलं वाया. चार्जिंग १४.२ वर, फ्लोट १३.५, इक्वलायझेशन बंद, तापमानाची भरपाईही बंद. या शेवटच्या दोन सोयी लेड-अ‍ॅसिडच्या आहेत.

आज दिवसभरात ८७० वॅट-अवर. म्हणजे भर उन्हाळ्यात एका दिवसात एका रात्रीहून बरंच जास्त. भावोजी खूश. मी अजून नाही. हा एप्रिल आहे.

३ मे

आज दुपारी साडेबाराला अंगणात उभ्या ठेवलेल्या बाटलीला सावली जवळजवळ नव्हतीच. इथलं अक्षांश साडेपंधरा. सूर्य मेच्या सुरुवातीला डोक्यावर येतो आणि त्यानंतर १० ऑगस्टच्या आसपासपर्यंत मध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो. पॅनेल दक्षिणेकडे कलतं ठेवा, हे सरसकट सांगितलं जातं. वर्षभराच्या बेरजेला ते बरोबर आहे, पण मला ज्या तीन महिन्यांची चिंता आहे त्यांत सूर्य पाठीमागे असतो. शिवाय ढगांत ऊन एका दिशेने येतच नाही, सगळ्या आभाळातून झिरपतं. तिथे जितकं आभाळ दिसेल तितकं बरं. म्हणून स्टँडला बिजागऱ्या लावून पॅनेल जवळजवळ आडवं केलं. पाणी वाहून जावं, शेवाळ धरू नये, एवढाच उतार ठेवला.

१८ मे

कुळागरात पहिली फेरी. मिरीच्या वेलांवर पावसाआधीची बोर्डो फवारणी : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पाठीवरच्या पंपाची बॅटरी अर्ध्यात उतरते आणि तिथे वीज नाही. दरवर्षी चढण चढून घरी यावं लागायचं. आज पेटी झऱ्याच्या वरच्या बाजूला दगडावर ठेवून तिथेच चार्ज केली. पॅनेल मात्र कुळागरात नेण्यात अर्थ नाही. पोफळींच्या खाली ऊन जमिनीवर पोचतच नाही. भरायचं घरी, वापरायचं तिथे.

२५ मे

पाऊस आला. यंदा मे संपायचीही वाट पाहिली नाही. रात्री वीज गेली, पहाटे आली. सकाळी मीटरवर ६१० वॅट-अवर खर्च.

त्यातला इन्व्हर्टरचा स्वतःचा वाटा तपासला. काहीही न जोडता ०.७ अँपिअर, म्हणजे ९ वॅट. बारीक वाटतं, पण रात्रभर दोन पंख्यांना लागतं त्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता १२ चे २३० करण्यात जातो. आणि राउटरचा अडॅप्टर ते २३० पुन्हा १२ करतो! हे बदलायचं.

१४ जून

बदललं. १२ व्होल्टचे दोन डीसी पंखे, प्रत्येकी १२ वॅट. पाच वॅटचे तीन डीसी बल्ब. राउटर थेट बॅटरीवर नाही, कारण चार्जिंगच्या वेळी ती १४.२ पर्यंत जाते आणि राउटर १२ चा आहे. मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर घातला, खाली-वर काहीही आलं तरी १२ देणारा. फोनसाठी ६५ वॅटचा टाइप-सी मॉड्यूल. इन्व्हर्टर आता फक्त नेब्युलायझरपुरता चालू करायचा. सासूबाईंनी स्वतः करून पाहिलं : बटण, बल्ब मंदावला, स्विच. मला बोलवावं लागलं नाही.

रात्रीचा खर्च ६६५ च्या हिशोबावरून ४९० वर आला. सेल न वाढवता, किलोभर वजन न वाढवता पावणेदोन रात्रींच्या सव्वादोन झाल्या. नवीन सेल घ्यायच्या आधी हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

६ जुलै

हा आठवडा मी मार्चपासून डोळ्यांपुढे ठेवला होता. कंट्रोलरच्या रोजच्या नोंदी : १६०, ११०, ३१०, २४०, १३०, ४२०, १८०. सरासरी २२० च्या आसपास. एप्रिलचा चौथा हिस्सा. म्हणजे वीज रोज गेली असती तर पेटी चौथ्या रात्री रिकामी पडली असती. पाऊस म्हादईच्या खोऱ्यात असा धरतो की दुपारी दोनलाही अंगणात दिवे लावावेसे वाटतात.

म्हणून माझी भूमिका आता पक्की आहे. सत्तरीच्या पावसाळ्यात पेटी मुख्यतः घरच्या विजेवरच भरायची. १० अँपिअरचा चार्जर आत कायमचा बसवला, वीज आली की भरायला लागतो, रिकामी पेटी दहा-अकरा तासांत पूर्ण. ऊन तिला आधार देतं. ‘सोलर’ म्हणून जाहिरातीत जे एप्रिलचं चित्र दाखवतात त्यावर जुलैची गरज बेतली तर माणूस अंधारात बसेल, आणि ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याचं अंधाराहून जास्त नुकसान होईल.

पॅनेलच्या जोडणीत एक फायदा सापडला. उन्हाळ्यात मी दोन्ही समांतर ठेवली होती, कारण सकाळी माडाच्या झावळीची सावली एकावर पडायची आणि मालिकेत त्याने दोघांचंही उत्पन्न खाली यायचं. आता सावलीच पडत नाही, सगळंच सावली. मालिकेत जोडल्यावर दाब दुप्पट मिळतो. हा कंट्रोलर सुरू व्हायला बॅटरीपेक्षा पाच व्होल्ट जास्त मागतो, ते अंधुक सकाळीही मिळतात. पंधरा-वीस मिनिटं आधी चार्जिंग सुरू होतं. दोन्हींचा उघडा दाब मिळून ४४ व्होल्ट, ७५ च्या बराच आत.

२० जुलै

खोकं उघडून पाहिलं. हवेत ओल इतकी की कपाटातल्या चपलांना बुरशी आली आहे. बसबार स्वच्छ, लग स्वच्छ. हिरवट डाग फक्त बल्बच्या बटणाच्या पितळी टोकाला, तिथे व्हॅसलीन नव्हतं. सिलिका जेलची पुडी गुलाबी झाली होती, तव्यावर मंद भाजून निळी करून परत ठेवली.

माझ्या बहिणीचं घर मांद्र्याला, समुद्रापासून जवळ. तिलाही अशी पेटी हवी आहे. तिथे ओलीच्या जोडीला खारं वारं. तिला सांगितलं, झरोके समुद्राच्या विरुद्ध बाजूला ठेव आणि पॅनेलचे एमसी-४ कनेक्टर घट्ट टिचकी वाजेपर्यंत लाव. रिकामे राहतील त्यांना टोपी घाल. मीठ आत गेलं की ती टोकं वर्षभरात काळी पडतात.

२९ ऑगस्ट

चतुर्थी बुधवारी झाली. मूळ घरात सगळं कुटुंब. माटोळीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीच्या) दिव्यांची माळ, मखरातले डीसी बल्ब आणि भजनाचा लहान अ‍ॅम्प्लिफायर, सगळं पेटीवर. अ‍ॅम्प्लिफायरसाठी इन्व्हर्टर चालू ठेवावा लागला. घुमट (मातीचं तालवाद्य) वाजवून होणाऱ्या आरतीला माइक लागतच नाही, तेव्हा तो बंद करता आला. काल संध्याकाळी वीज दोन तास नव्हती. पुढच्या वाड्यावरचे लोक आरतीला आले आणि त्यातल्या तिघांनी आरती झाल्यावर खोकं उघडून दाखवायला लावलं. मी आधी फ्यूज दाखवला, मग सेल.

दोन दिवसांचा एकूण खर्च १०४० वॅट-अवर, उन्हातून मिळाले ५९०. ऑगस्टअखेर ऊन परत येऊ लागलं आहे.

७ सप्टेंबर

सगळे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, एक किंचित सैल होता. पूर्ण भरल्यावर सर्वांत वरच्या आणि खालच्या सेलमध्ये ८ मिलिव्होल्टचा फरक. एप्रिलपासून पुन्हा बॅलन्सिंग करावं लागलेलं नाही. बीएमएसची खालची मर्यादा २.५ वरून २.८ केली, तळापर्यंत ओरपायची गरज आतापर्यंत पडली नाही.

पॅनेल वाढवायचं ठरलं आहे. दोनाची चार, समांतर जोडलेल्या दोन जोड्या, प्रत्येक जोडी मालिकेत. कडक उन्हात कंट्रोलर १५ अँपिअरवर अडेल आणि वरचं सोडून देईल, त्याने त्याचं काही बिघडत नाही. जुलैत मात्र २२० चे ४४० होतील आणि रात्रीचा खर्च ४९० आहे. स्टँडचं माप घ्यायला फॅब्रिकेटरला पुढच्या रविवारी बोलावलं आहे.